माप कुणी घ्यायचं

३ मार्च, मंगळवार

धाकट्या बहिणीचं ऑपरेशन होतं म्हणून दहा दिवस तिच्याकडे राहिले. आज दुकानात गेले, मापांची फाइल उघडली, तर वरचाच कागद माझ्या अक्षरात नव्हता.

कुणाला तोंडानं सांगितलं तर हसतील, म्हणून इथे लिहिते. आमचं दुकान अवघड पायांच्या बुटांचं. एक पाय आखूड, बोटं वाकडी, टाचेला हाड वाढलेलं, अशी माणसं आमच्याकडे येतात. माप मी घेते. पाऊल कागदावर ठेवायचं, कडेनं पेन्सिल फिरवायची, मग हातानं चाचपून कुठे घट्टा, कुठे हाड वर आलंय, ते बाजूला लिहायचं. त्या कागदावरून हे फर्मा कोरतात, म्हणजे त्या पावलाचा लाकडी साचा, आणि त्या फर्म्यावर बूट शिवला जातो. बावीस वर्षं असंच चाललंय. ह्यांनी कधी गिऱ्हाइकाच्या पावलाला हात लावला नाही आणि मी कधी कानशीला. घरातसुद्धा कामांची इतकी चोख वाटणी नाही.

आणि आता हा कागद. बाई, वय चौतीस, डावा पाय सव्वा इंच आखूड. अक्षर ह्यांचं.

कोण ही म्हणून विचारलं. “हॉस्पिटलातली फिजिओथेरपिस्ट आहे. तू नव्हतीस, म्हणून मीच घेतलं,” म्हणाले आणि पुन्हा कानस चालवायला लागले. मी येईपर्यंत थांबा असं का सांगितलं नाहीत, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. बहिणीची तब्येत कशी आहे ते ह्यांनी संध्याकाळी विचारलं.

४ मार्च, बुधवार

हे चामडं बघायला गेले तेव्हा तो कागद खिडकीशी नेऊन नीट पाहिला. रेघ दोनदा खोडलेली आहे. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा कुठे जमली. म्हणजे तीन वेळा पाऊल हातात धरलं. मी एका पायाला पाच मिनिटं लावते. ह्यांना किती लागली असतील देव जाणे.

करंगळीपाशी रेघ बाहेर पळाली आहे, कारण पेन्सिल तिरकी धरली होती. बूट सैल होईल आणि चावेल. चावू दे.

९ मार्च, सोमवार

आज ती आली. मी मनात कुणी नटवी बाई धरली होती. ही साधी, केस मागे घट्ट बांधलेले, खिशात दोन पेनं. हसते मोकळी. ह्यांना “दादा” म्हणते आणि मला “वहिनी”. दादा म्हटलं की सगळं सोवळ्यात असतं असं थोडंच आहे.

काम मोठं घेऊन आली आहे. त्यांच्या हॉस्पिटलला पायांचे सगळे पेशंट एकाच ठिकाणी पाठवायचेत. पण एकट्या माणसाच्या नावावरच्या दुकानाला ते काम देत नाहीत. उद्या तो माणूस आजारी पडला तर पेशंटनी अनवाणी फिरायचं का, असं त्यांचं म्हणणं. दुकानाची रीतसर नोंदणी हवी आणि निदान दोन जबाबदार माणसं कागदावर हवीत. ती स्वतः नोकरी सोडून आमच्यात यायला तयार आहे. हॉस्पिटलसमोर तिच्या वडिलांची एक खोली रिकामी आहे, तीही देईल.

ह्यांचा चेहरा असा उजळला होता की मी चहा ओतताना बशीत सांडला. दुकानाची पाटी ह्यांच्या वडिलांच्या काळापासून एकाच नावाची. ती बदलायला हवी असं मी दोनदा सुचवलं होतं, तेव्हा म्हणाले होते, पाटीनं काय बूट शिवले जातात. आता कुणी फिजिओबाई म्हणाली तर लगेच वकिलाची वेळ घेतली.

ती चालत गेली तेव्हा दारातून बघत राहिले. ह्यांनी केलेलाच बूट होता पायात. डावं पाऊल ती जरा आतल्या बाजूवर टाकते. म्हणजे करंगळी चावते आहे. तरी जाताना म्हणाली, “छान झालाय हं बूट, दादा.” कशासाठी इतकं गोड बोलायचं?

१४ मार्च, शनिवार

वकिलांकडे गेलो. ह्यांचे जुने गिऱ्हाईक, सपाट पायांचे. त्यांच्या दोन्ही पायांची मापं मीच घेतली आहेत, पण ऑफिसात त्यांनी मला ओळखलं नाही. टेबलाखालचे पाय बघितले तेव्हा मला त्यांची खात्री पटली.

त्यांनी सगळं फोड करून सांगितलं. एकट्याची मालकी म्हणजे माणूस आणि दुकान एकच. दुकान बुडालं तर घरातली खुर्चीसुद्धा जाऊ शकते. साधी भागीदारी म्हणजे एकाच्या चुकीची भरपाई दुसऱ्याच्या खिशातून. तिसरा प्रकार मर्यादित जबाबदारीची भागीदारी, त्यात ज्यानं त्यानं घातलं तेवढंच जातं, घरापर्यंत कुणी येत नाही. आणि कंपनी म्हणजे कागदावर जन्मलेला वेगळाच माणूस, त्याचे नखरे फार, दर वर्षी त्याची हजेरी लावावी लागते. तुमच्यासाठी तिसरा प्रकार बरा, असं त्यांचं मत पडलं.

मला ऐकताना साध्या भागीदारीचीच धडकी भरली. एकाच्या चुका दुसऱ्यानं निस्तरायच्या, हे तर आम्ही बावीस वर्षं करतोच आहोत आणि त्याला कुठे नोंदणी लागली नाही. आता तेच दुसऱ्या कुणाबरोबर, सहीशिक्क्यानिशी.

मग त्यांनी विचारलं, भागीदारांची नावं काय लिहू. ह्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. दोन-चार दिवसांत कळवतो म्हणाले. वकिलांना माझी कीव आली असावी, कारण ते माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि तुम्ही दुकानात काय बघता?”

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, “ती मदत करते.”

१७ मार्च, मंगळवार

मदत करते.

२१ मार्च, शनिवार

फिजिओबाई आज हे नसताना आली. वेळ साधूनच आली असणार, कारण शनिवारी सकाळी हे चामडं आणायला जातात हे तिला ठाऊक आहे. एक आजोबा बसले होते, गुडघ्यापासून पाय वळलेला. मी माप घेत होते आणि ही स्टूल ओढून बाजूला बसली आणि बघत राहिली. हाताकडे बघत होती, कागदाकडे नाही. मध्येच वहीत काहीतरी टिपलं. आजोबांना दुखतंय हे त्यांनी न सांगता मला कसं कळलं, ते विचारत होती. सवयीनं कळतं म्हणाले आणि विषय तोडला. घरभेद्याला कोण कपाटाची किल्ली दाखवतं.

आजोबा गेल्यावर हळूच म्हणाली, “वहिनी, एकदा माझं माप घ्याल का? दादांना नका सांगू.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्यानं एकदा घेतलं ते पुरलं नाही, आता बायकोनंही पायाशी बसायचं. पुढे मालकीण होणार आहे ना, तिला आधीच बघायचं असेल कोण कुठे बसतं ते. आज वेळ नाही म्हणून सांगितलं. ती “बरं” म्हणाली आणि तशीच आतल्या बाजूवर पाऊल टाकत गेली. दिवसभर मला तिची करंगळी आठवत होती आणि त्याचाच मला राग येत होता.

२६ मार्च, गुरुवार

ह्यांचं नवंच खूळ. आज दोन गिऱ्हाइकांची मापं स्वतः घेतली. मला म्हणाले, तू गल्ल्यावर बस. एक शाळेतल्या गाण्याच्या बाई होत्या, दहा वर्षांच्या आमच्या. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आज तुम्ही नाही?” मी म्हणाले, “आज मालक.” हे मान खाली घालून पेन्सिल फिरवत होते. कान लाल झाले होते.

कळतंय मला. उद्या नव्या खोलीत ही दोघं बसणार, एक माप घेणार, एक पेशंट तपासणार. त्यासाठी हात बसवायचं चाललंय. माझी गरजच उरू नये म्हणून ही सगळी तालीम.

वकिलांना नावं कळवलीत का, विचारलं. कळवीन म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं आणि तिसऱ्यांदा तेच उत्तर.

२ एप्रिल, गुरुवार

गाण्याच्या बाई परत आल्या. टाचेला फोड.

मला आनंद झाला. लिहायची लाज वाटते, पण झाला, आणि चांगला भरपूर झाला. हे म्हणाले, चामडं खराब लागलं. मी म्हणाले, हो, चामडंच असेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शिवीच दिली.

मग त्या बाईंनी मोजा उतरवला. मोज्याला रक्त लागलं होतं आणि तशाच त्या सकाळपासून चार तास वर्गात उभ्या होत्या. माझा आनंद तिथेच विरला. नवा कागद घेऊन खाली बसले आणि माप घेतलं. हे पाठ करून उभे राहिले, पूर्ण वेळ, हातात कानस आणि समोर काहीच नाही.

७ एप्रिल, मंगळवार

आज मी फुटलेच. जेवायच्या टेबलावर. म्हणाले, तिला भागीदार करा, कंपनी काढा, दोघं डायरेक्टर व्हा, पाटीवर तिचं नाव घाला, फक्त मला एकदा तोंडावर सांगा म्हणजे मी बहिणीकडे जाते. तिलाही तेवढाच आधार होईल.

मला वाटलं होतं चिडतील किंवा हसतील. हे ताटातला भात गोळा करत राहिले. मग म्हणाले, “तुला वाटतं तसलं काही नाही.”

“मग कसलं आहे?”

उठून हात धुतले आणि दुकानात गेले. नाही म्हणताना माणूस इतका खचलेला दिसतो का? पकडला गेला की दिसतो.

११ एप्रिल, शनिवार

सगळं जसंच्या तसं लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी हे चामडं आणायला गेले होते. वकिलांचा फोन दुकानात आला. म्हणाले, मसुदा तीन आठवडे पडून आहे, हॉस्पिटलची मुदत महिनाअखेरीला संपते, तुमचा होकार आहे की नाही तेवढं कळवा. मी म्हणाले, हे आले की फोन करायला सांगते. तर म्हणाले, “अहो, मी तुम्हालाच विचारतोय. पहिलं नाव तुमचंच आहे.”

मी म्हणाले, कसलं नाव. मग त्यांनी वाचून दाखवलं. एक नंबर भागीदार मी. माप आणि पायाची तपासणी, असं पुढे लिहिलेलं. दोन नंबर फिजिओबाई. तीन नंबर हे. नावं त्या बाईंनीच कळवली होती आणि पहिल्या दिवसापासून एकच अट घातली होती म्हणे, माप घेणारी बाई भागीदार नसेल तर मी सही करणार नाही. ह्यांनी सांगितलं होतं, बायकोला विचारतो. ते विचारणं अजून चालूच होतं.

गिऱ्हाइकं बसतात त्या स्टुलावर मी बसले. एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्याला उद्या या म्हणून सांगितलं.

मग दुकान बंद केलं आणि हॉस्पिटलात गेले. फिजिओबाई एका पोराला कठडा धरून चालायला लावत होती. मला बघून घाबरली. मी विचारलं, माझ्या नावाची अट तुम्ही का घातलीत.

ती म्हणाली, “वर्षभरात तुमचे बूट घातलेले सहा पेशंट बघितले मी. एकालाही चावला नाही. म्हणून स्वतःसाठी आले, तर तुम्ही गावाला. दादांनी माप घेतलं आणि माझाच बूट चावला. मग मला कळलं ना, दुकान कुणाचं आहे ते.”

मग मला सांगायचं होतंत, असं मी म्हणाले. ती म्हणाली, दादांनी शब्द घेतला होता की आधी ते बोलतील. तरी ती शनिवारी आली होती, माप घ्या म्हणून. मी वेळ नाही म्हटलं होतं. दीड महिना मी हिला मनात उभी जाळत होते आणि ही करंगळीचा फोड घेऊन माझ्या होकाराची वाट बघत होती. तिथेच, फिजिओच्या खोलीत, तिच्याच पेनानं, एका जुन्या फॉर्मच्या मागे तिचं माप घेतलं.

१२ एप्रिल, रविवार

ह्यांना विचारलं. ओरडले नाही. का लपवलंत, एवढंच.

हे एकदम म्हणाले, “दुकानात माणूस आलं की पहिला प्रश्न काय असतो, ठाऊक आहे? बाई आहेत का. बाई नाहीत म्हटलं की उद्या येतो म्हणतात. मी समोर उभा असतो. बावीस वर्षं मी तुझ्या कागदावरून कोरतोय. मला एकदा बघायचं होतं, कागद माझा असला तर जमतं का.”

“आणि जमलं असतं तर?”

“तर नावाचा प्रश्नच नव्हता,” म्हणाले.

त्यांचं तोंड बघितलं आणि ओळखलं. ओठ आत ओढलेले, नजर भलतीकडे. गेला दीड महिना सकाळी वेणी घालताना आरशात हेच तोंड मी बघत होते. हे माझ्यावर जळतात. माझ्यावर. उभ्या जन्मात माझ्यावर कुणी जळलं नव्हतं, बहीणसुद्धा नाही. वाईट वाटायला हवं होतं, पण आधी बरंच वाटलं, आणि वाईट वाटायला संध्याकाळ झाली.

१५ एप्रिल, बुधवार

सोमवारी वकिलांकडे एकटी गेले होते. त्यांनी विचारलं, तुमच्या मनात काय आहे ते सांगा. कायद्याला दोन नावं पुरतात. तुम्ही आणि त्या बाई. तुमचे यजमान पगारावर काम करू शकतात.

म्हणजे “ते मदत करतात” असं लिहिता येईल. हा विचार मी घरापर्यंत बरोबर आणला आणि दोन दिवस जपला. त्यांच्यापुढे कागद ठेवायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. किती गोड लागला तो विचार.

१७ एप्रिल, शुक्रवार

आज आम्ही दोघं मिळून वकिलांकडे गेलो. मी सांगितलं, तिघांची नावं ठेवा, मर्यादित जबाबदारीची भागीदारी करा. वकिलांनी विचारलं, नक्की? मी म्हणाले, माझ्या कागदावरून असा फर्मा कोरणारा दुसरा हात मी बघितला नाही. कागदात नसतं तेही ह्यांच्या लाकडात उतरतं.

हे बाजूलाच बसले होते. बावीस वर्षांत त्यांना हे मी कधी सांगितलं नव्हतं, आणि आजही वकिलांनाच सांगितलं. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि चष्मा पुसला.

२० एप्रिल, सोमवार

सह्या झाल्या. वकिलांनी प्रत्येक कलम मोठ्यानं वाचलं. एक कलम असं की भागीदारांनी धंद्याला लागणारी कोणतीही माहिती एकमेकांपासून लपवू नये. तिथे मी ह्यांच्याकडे चांगली वळून बघितलं. हे छताकडे बघत होते.

हॉस्पिटलनं एक पुस्ती जोडायला लावली आहे. माप घेणारं एकच माणूस असून चालणार नाही, मी आजारी पडले तर काय. म्हणून मी बाकी दोघांना शिकवायचं. वाजवी आहे. सही केली. फिजिओबाई बाहेर आल्यावर म्हणाली, “चला ताई, आता तुम्ही आमच्या मास्तरीण.” वहिनीची ताई कधी झाले ते माझ्या लक्षात आलं नाही.

२५ एप्रिल, शनिवार

नव्या खोलीत पहिला धडा. सरावासाठी पाय कुणाचा, तर ह्यांनी स्वतःहून मोजे काढले आणि पाऊल कागदावर ठेवलं. इतकी वर्षं संसार झाला, ह्यांच्या पावलाला मी कधी असा हात लावला नव्हता. उजवी टाच उभं राहून राहून दगडासारखी झाली आहे. हे मला कधी बोलले नाहीत.

मग फिजिओबाईचं पाऊल धरून ह्यांनी सराव केला. मी समोर बसून बघितलं आणि आता काही वाटलं नाही, म्हणजे फार वाटलं नाही. दोघांना सगळं दाखवलं. पेन्सिल उभी कशी धरायची. एक रेघ बसलेल्या माणसाची, एक उभ्या माणसाची, आणि दोन्हींमधलं अंतर का बघायचं. घट्टा बोटांच्या टोकांनी नाही, बोटांच्या पाठीनं चाचपायचा. दुखतं का असं विचारायचं नाही, माणसं नाहीच म्हणतात. दुसरंच काहीतरी बोलत राहायचं आणि तोंडाकडे बघायचं. हे मन लावून शिकत होते. पाचवा कागद खरोखर चांगला आला. स्वतःच तो उजेडात धरून बघत राहिले, लहान मुलासारखे खूश.

“ताई, झालं एवढंच?” फिजिओबाईनं विचारलं.

“एवढंच,” मी म्हणाले.

एवढंच नाही. अजून एक गोष्ट आहे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी माझी मला सापडली, आणि आमचा बूट चावत नाही तो तिच्यामुळे. ती मी दाखवली नाही. सही करून पाच दिवस झाले नाहीत आणि कलम मोडलं. ह्यांनी लपवलं तेव्हा केवढा तमाशा केला होता मी. आज ह्यांच्या हातात तो चांगला कागद बघून ती सांगावीशीच वाटली नाही, त्याला मी काय करू. पुढच्या महिन्यात शिकवीन. नाहीतर पावसाळा झाल्यावर. शिकवीन नक्की.

ती गोष्ट काय, ते इथेही लिहीत नाही. ही वही टेबलाच्या खणात असते आणि त्या खणाला कुलूप नाही.